टेन्युअरची सहा वर्षं कशी मोजायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका सरकारी संशोधन विद्यापीठात येत्या ऑगस्टपासून तुम्ही इंजिनिअरिंगच्या विभागात टेन्युअर-ट्रॅक (म्हणजे ठरावीक वर्षांनी टेन्युअर, अर्थात कायमपद, मिळू शकेल अशा जागेवर) असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू होताय. पीएचडी आणि पोस्टडॉक तिकडेच झालंय, व्हिसा एच-१बी आहे. ‘जो तो सांगतो, पेपर लिही आणि ग्रँट आण. पण काय, कधी आणि किती, हे कुणीच सांगत नाही. शिवाय ग्रीन कार्डचं काय करायचं?’

मी अशाच एका विद्यापीठात बरीच वर्षं शिकवतो आहे. विभागाच्या आणि कॉलेजच्या (म्हणजे विद्यापीठातल्या विद्याशाखेच्या) टेन्युअर समित्यांवर काम केलं आहे आणि इतर विद्यापीठांतल्या उमेदवारांसाठी बाहेरून मूल्यमापनाची पत्रंही लिहितो. त्या खुर्चीत बसून जे दिसतं ते सांगतो.

सगळ्यात आधी ‘सहा वर्षं’ हा हिशोब दुरुस्त करून घ्या. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेनं कॉलेजांच्या संघटनेबरोबर १९४० साली जी तत्त्वं ठरवली, त्यात उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा आणि नकार द्यायचा असेल तर किमान एक वर्ष आधी कळवावं, असं म्हटलं आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी सहाव्या वर्षी निर्णय होतो आणि तो नकार असला तर सातवं वर्ष शेवटचं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं गणित मात्र फार थोडे जण वेळेवर मांडतात.

सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला विभागात मतदान होतं. त्या वेळी बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं फाईलमध्ये असावी लागतात. ती लिहायला त्यांना उन्हाळा लागतो. म्हणजे तुमचा सीव्ही, संशोधनाचं निवेदन आणि निवडक पेपर पाचवं वर्ष संपता संपता, साधारण मे महिन्यात, बाहेर पडतात. त्या सीव्हीत पेपर ‘स्वीकृत’ म्हणून दिसायचा असेल तर तो निदान वर्षभर आधी पाठवलेला हवा, कारण रिव्ह्यू, दुरुस्ती आणि पुन्हा रिव्ह्यू यात तेवढा वेळ सहज जातो. म्हणजे प्रयोग चौथ्या वर्षात संपलेले हवेत. आता विद्यार्थ्यांकडून मोजा. तुम्ही रुजू झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात ज्यांचे प्रवेशअर्ज वाचाल, ते विद्यार्थी तुमच्या दुसऱ्या वर्षी येतील. त्यांचं पहिलं वर्ष कोर्स आणि क्वालिफायर परीक्षेत जाईल. त्यांच्या हातून पहिला भक्कम पेपर निघेपर्यंत तुमचं चौथं वर्ष उजाडलेलं असेल, आणि त्यांची पीएचडी तुमची केस निकालात निघाल्यानंतर पूर्ण होईल.

यातून एक गोष्ट सरळ निघते: पहिल्या दोन-अडीच वर्षांतले पेपर तुमच्या स्वतःच्या हातचे किंवा एखाद्या चांगल्या पोस्टडॉकच्या मदतीने आलेले असणार. म्हणून स्टार्ट-अपच्या (प्रयोगशाळा उभी करायला विद्यापीठ सुरुवातीला देतं त्या) पैशातून पहिल्याच झपाट्यात तीन पीएचडी विद्यार्थी घेऊ नका. विद्यार्थ्याचा खर्च म्हणजे नुसता स्टायपेंड नव्हे. ट्यूशन आणि विमा धरला की तो तुमच्या अंदाजाच्या बराच वर जातो. एक विद्यार्थी आणि तुमच्याच तंत्रात आधीच तयार असलेला एक पोस्टडॉक, ही सुरुवात मला जास्त सुरक्षित वाटते. उपकरणांची ऑर्डर मात्र रुजू होण्याआधीच मार्गी लावा. खरेदी विभागाच्या निविदा, खोलीतली वीज आणि वायुवीजन यांतच महिने निघून जातात, आणि प्रयोगशाळा वर्षभर रिकामी राहिली तर ते वर्ष टेन्युअरच्या घड्याळातून आपोआप वजा होत नाही. स्टार्ट-अपची मुदत किती आहे ते ऑफर लेटरमध्ये बघा. पुढे लागेल म्हणून पैसे राखून ठेवण्याचा आपला स्वभाव इथे उपयोगाचा नाही. मुदतीनंतर उरलेली रक्कम डीनच्या खात्यात परत जाऊ शकते.

आता, ही फाईल वाचतं कोण? विभागातले टेन्युअर्ड प्राध्यापक मत देतात, चेअर (विभागप्रमुख) वेगळं पत्र लिहितो, मग कॉलेजची समिती, डीन, प्रोव्होस्ट (विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमुख) आणि शेवटी विश्वस्त मंडळ. कॉलेजच्या समितीत तुमच्या विषयातला कदाचित एकही माणूस नसेल. यांत्रिकीतली व्यक्ती रसायन अभियांत्रिकीची फाईल वाचते, तेव्हा ती पेपरातलं समीकरण तपासत बसत नाही. ती थेट बाहेरची पत्रं उघडते. त्या पत्रांतली वाक्यं पुढच्या प्रत्येक पायरीवर उद्धृत होत वर चढतात. म्हणून माझं ठाम मत आहे की टेन्युअरचा निर्णय मुख्यतः तुम्हाला जवळून न ओळखणाऱ्या माणसांच्या पत्रांवर होतो, आणि सहा वर्षांची आखणी त्या पत्रांकडून मागे यावी.

मला जेव्हा असं पत्र मागितलं जातं, तेव्हा काय येतं ते सांगतो. एक सीव्ही, काही पानांचं निवेदन, तीन-चार पेपर आणि विभागाची विनंती. विनंतीत प्रश्न ठरलेले असतात: या व्यक्तीचं सर्वांत महत्त्वाचं योगदान कोणतं, याच टप्प्यावरच्या इतरांशी तुलना केली तर ती कुठे बसते, आणि काही विद्यापीठं हेही विचारतात की ती पत्रलेखकाच्या विद्यापीठात असती तर तिला टेन्युअर मिळालं असतं का. मी पेपर वाचतो, पण त्याआधी मनात एक वाक्य जुळतं का ते बघतो: ‘अमुक गोष्ट आज ज्या पद्धतीने केली जाते, ती हिच्यामुळे.’ वाक्य जुळलं की पत्र आपोआप भक्कम होतं. चौदा विषयांवरचे चौदा बरे पेपर असले की ते जुळत नाही. मग पत्रात ‘उत्पादक’, ‘मेहनती’, ‘बहुआयामी’ असले शब्द येतात, आणि समितीतल्या अनुभवी माणसांना त्यांचा अर्थ नीट कळतो.

तेव्हा पहिल्या वर्षी कागदावर तुमचं ते एक वाक्य लिहून ठेवा. ते बदलेल, बदलू द्या. पण नवं सहकार्य, नवा प्रोजेक्ट, कुणाच्या तरी ग्रँटमध्ये को-पीआय (सहप्रमुख संशोधक) होण्याचं आमंत्रण आलं की त्या वाक्याशी ताडून बघा. दोन-तृतीयांश काम त्या वाक्याभोवती असलं तर उरलेल्या एक-तृतीयांशात हवं ते करा.

पत्रं लिहिणारे कोण असतात, हेही लक्षात घ्या. तुमचे गाइड, पोस्टडॉकचे बॉस आणि अलीकडचे सहलेखक बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. काही नावं तुम्ही सुचवता, काही विभाग स्वतः निवडतो आणि ती तुम्हाला कळत नाहीत. सहसा ही माणसं तुमच्या विद्यापीठाच्या तोडीच्या किंवा वरच्या ठिकाणची असावी लागतात आणि शक्यतो फुल प्रोफेसर. म्हणजे तुमच्या क्षेत्रातल्या दहा-पंधरा वरिष्ठ लोकांना पाचव्या वर्षापर्यंत तुमचं काम ऐकून तरी माहीत हवं. आपल्याकडच्या कितीतरी हुशार मुलामुलींची अडचण इथे होते. आपण होऊन आपल्या कामाबद्दल बोलणं म्हणजे मिरवणं, असं आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. तो संकोच बाजूला ठेवा. पेपर छापून आला की ज्यांच्या कामावर तो उभा आहे त्यांना चार ओळींची ईमेल लिहा: तुमच्या अमुक निष्कर्षापासून सुरुवात केली, आम्हाला असं आढळलं. एवढंच. कॉन्फरन्समध्ये त्यांच्या पोस्टरपाशी थांबा, प्रश्न विचारा. इतर विद्यापीठांत सेमिनार द्यायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून जा. बोलावणं आलं नाही तर ‘त्या आठवड्यात तुमच्या शहरात आहे, सेमिनार देऊ शकते’ असं कळवण्यात काहीही वावगं नाही. विभागात सेमिनार समितीचं काम मिळत असेल तर ते आनंदाने घ्या, कारण मग कुणाला बोलवायचं हे तुम्ही ठरवता.

जुन्या गाइडबरोबरच्या पेपरांबद्दल नेहमी विचारलं जातं. संबंध तोडायचे नाहीत, पण समिती सीव्हीतले ते पेपर वेगळे काढून मोजते. स्वतंत्र माग दिसला पाहिजे. रुजू होण्याआधी गाइडबरोबर बसून कोणता विषय तुम्ही पुढे नेणार आणि कोणता ते, हे बोलून घ्या आणि नंतर ईमेलने लिहून ठेवा. हे बोलणं अवघड जातं. गाइडही बहुतेक वेळा त्याच प्रश्नाची वाट बघत असतात.

ग्रँटबद्दल. इंजिनिअरिंगमध्ये एनएसएफच्या (अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या) करिअर पुरस्काराचं वजन मोठं आहे. पाच वर्षांचा निधी, किमान ४ लाख डॉलर (इंजिनिअरिंगसह काही विभागांत ५ लाख), आणि एकूण तीनदाच अर्ज करता येतो. नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट नाही, हे पुष्कळ भारतीय नवप्राध्यापकांना ठाऊक नसतं. अर्ज जुलैत जातात. पहिल्याच जुलैत, रुजू होण्याच्या गडबडीत, एक संधी खर्च करू नका. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पहिला अर्ज गेला तर पुढच्या दोन संधी घड्याळात बसतात. त्याआधी दोन कामं करा. एनएसएफच्या प्रोग्रॅम ऑफिसरला कल्पनेचं एक पान पाठवून बोलायची वेळ मागा. ही वशिलेबाजी नाही, त्यांच्या कामाचाच तो भाग आहे. आणि रिव्ह्यू पॅनेलवर बसायची तयारी असल्याचं त्यांना कळवा. दोन दिवसांत वीस-पंचवीस प्रस्तावांची चर्चा ऐकलीत की कळतं, थकलेला वाचक दुसऱ्या पानाच्या मध्यावर कुठे हरवतो. निधीचे नियम आणि प्राधान्य हल्ली वरचेवर बदलताहेत, म्हणून मागच्या वर्षीच्या कुणाच्या प्रस्तावावर विसंबू नका, चालू जाहिरात स्वतः ओळ न् ओळ वाचा. सगळी भिस्त एकाच संस्थेवर ठेवू नका. ऊर्जा विभाग, संरक्षण खात्याच्या संशोधन शाखा, राज्याचा निधी, उद्योग यांतून लहान का होईना, दुसरा झरा असू द्या. नाकारलेला प्रस्ताव समितीला दिसतो आणि तो तुमच्या विरोधात जात नाही. प्रस्तावच न पाठवणं मात्र जातं.

मानव्यविद्या शाखांत हे सगळं वेगळं आहे, तिथे एका पुस्तकावर केस उभी राहते. त्यांच्यासाठी एकच सांगतो: प्रकाशकाशी करार झालेला असणं आणि पुस्तक उत्पादनात असणं यांत फरक आहे. तुमच्या विभागाला यांपैकी काय लागतं, ते लेखी विचारा.

शिकवणं. संशोधन विद्यापीठात उत्तम शिकवल्यामुळे टेन्युअर मिळत नाही, पण वाईट शिकवल्यामुळे अडू शकतं, आणि सगळ्यात मोठं नुकसान होतं ते तयारीत वाहून गेलेल्या वेळामुळे. एका तासाच्या लेक्चरसाठी दोनाऐवजी दहा तास तयारी केल्यानं लेक्चर पाचपट चांगलं होत नाही. बहुतेक वेळा ते गच्च भरतं आणि मुलं मागे पडतात. सुरुवातीलाच चेअरला विचारा की पहिली तीन वर्षं तेच दोन कोर्स आलटून पालटून मिळतील का. बहुतेक चेअर हे देतात, फक्त मागावं लागतं. सेमिस्टरच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात स्वतःच एक निनावी कागद फिरवा: काय जमतंय, काय अडतंय. पुढच्या तासाला त्यातल्या दोन गोष्टी बदलून दाखवा. विद्यार्थ्यांच्या शेवटच्या मूल्यांकनात उच्चार, स्त्री असणं, वय यांचा परिणाम होतो. टोरोंटोच्या रायर्सन (आताच्या टोरोंटो मेट्रोपॉलिटन) विद्यापीठाच्या वादात लवादाने २०१८ साली अशा मूल्यांकनांवरून टेन्युअरसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजता येणार नाही, असा निवाडा दिला. तो कॅनडातला. तुमच्याकडे ते आकडे अजून फाईलमध्ये लागतात. म्हणून दर वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला तुमचा तास बघून पत्र लिहायला सांगा. सहा वर्षांत अशी चार-पाच पत्रं जमली की एखाद्या वर्षीचा वाईट आकडा एकटा उरत नाही.

समित्यांची कामं थोडक्यात. दुसऱ्या वर्षी पदव्युत्तर प्रवेश समिती चांगली, विद्यार्थी आधी दिसतात. अभ्यासक्रमाची फेररचना, मान्यतेच्या फाईली, भांडणं सोडवणाऱ्या समित्या टेन्युअरनंतर. तुम्ही स्त्री आहात आणि परदेशातून आलेल्या आहात, तेव्हा ‘विविधता हवी’ म्हणून तुम्हाला दुप्पट बोलावणी येतील, याची मनाची तयारी ठेवा. जागेवर हो म्हणू नका. ‘चेअरशी बोलून कळवते’ हे पूर्ण आणि सभ्य उत्तर आहे, आणि चेअरला सांगून ठेवा की नाही म्हणायला त्यांच्या नावाचा आधार घेणार आहात. आणखी एक: तिथल्या ज्येष्ठांना नावानेच हाक मारतात. तुम्ही मनातून त्यांना ‘सर’ म्हणत राहिलात तर त्यांच्याशी असहमत होणं जड जातं, आणि तुम्ही विचार करणारी सहकारी आहात हे त्यांना कळायला हवं.

तिसऱ्या वर्षाच्या आढाव्याला फार महत्त्व द्या. आढाव्यानंतर मिळणाऱ्या पत्राची भाषा सौम्य असते, म्हणून अर्थ हुकतो. ‘प्रकाशनांचा वेग वाढताना बघायला आवडेल’ याचा अर्थ आज मत घेतलं तर अवघड आहे. पत्र घेऊन चेअरकडे जा आणि सरळ विचारा: याच गतीने गेले तर सहाव्या वर्षी विभाग माझ्या बाजूने उभा राहील का? कशाची उणीव दिसेल? परत आल्यावर त्याच दिवशी त्यांना ईमेल करा: आज आपलं असं असं बोलणं झालं, माझा समज बरोबर आहे ना? चेअर बदलतात, डीन बदलतात, तोंडी आश्वासनं त्यांच्याबरोबर निघून जातात. मी असा माणूस जवळून पाहिला आहे ज्याला एका चेअरने परिषदेतले पेपर जर्नलइतकेच धरू असं सांगितलं होतं. पाचव्या वर्षी नवा चेअर आला आणि कागद कुठेच नव्हता. तीन महिने त्याची झोप उडाली. शेवटी जुन्या चेअरने लेखी दुजोरा दिला म्हणून निभावलं.

घड्याळ थांबवण्याची सोय मूल झाल्यावर, दत्तक घेतल्यावर, गंभीर आजारात बहुतेक विद्यापीठांत आहे. २०२० मध्ये कोविडमुळे अनेकांनी सगळ्यांनाच एक वर्ष दिलं. गरज असेल तर ती घ्या, कमीपणा मानू नका. फक्त बाहेर जाणाऱ्या विनंतीपत्रात ‘या उमेदवाराकडे नेहमीच्या मुदतीच्याच अपेक्षेने बघावं’ असं वाक्य आहे ना, ते चेअरकडून पक्कं करा. नाहीतर पत्रलेखक तुमच्या कामाला सात वर्षांनी भागतो.

टेन्युअर नाकारलं गेलं तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री दोन वाजता तो विचार येतोच. अपील सहसा प्रक्रियेतल्या चुकीवर, भेदभावावर किंवा शैक्षणिक स्वातंत्र्याच्या भंगावर चालतं, कामाच्या दर्जावर पुन्हा मत घेतलं जात नाही. एक वर्ष पगारासह हातात असतं. त्या वर्षात दुसऱ्या विद्यापीठात, राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा उद्योगात गेलेली आणि पुढे नावारूपाला आलेली माणसं मी पाहिली आहेत. तिसऱ्या वर्षाच्या पत्राने धोका दाखवला तर चौथ्या वर्षीच इतरत्र अर्ज करणं हा शहाणपणा आहे, पळपुटेपणा नाही. निर्णय लागण्याआधी दुसरीकडे जाणं कितीतरी सोपं असतं.

आता ग्रीन कार्ड, आणि इथे दिरंगाई अजिबात नको. विद्यापीठातल्या शिक्षकांसाठी लेबर सर्टिफिकेशनची (म्हणजे परदेशी व्यक्तीला ही नोकरी द्यायला हरकत नाही, या श्रम खात्याच्या दाखल्याची) खास सोय आहे: विद्यापीठाने सर्वांत पात्र उमेदवार निवडला एवढं दाखवणं पुरतं. पण तो अर्ज तुमची निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत जावा लागतो. मुदत निवडीच्या तारखेपासून धावते, रुजू होण्याच्या नाही. तुमचे काही महिने आताच गेले असतील. ही खिडकी बंद झाली की सामान्य मार्ग उरतो, ज्यात किमान पात्रतेचा कुणी अमेरिकन मिळाला तरी अर्ज अडतो. शिवाय त्या खास मार्गासाठी पदाची जाहिरात राष्ट्रीय पातळीच्या व्यावसायिक नियतकालिकात आल्याचा पुरावा लागतो, तेव्हा विभागाच्या सचिवांकडून तिची प्रत आणि तारखा आत्ताच मागून ठेवा. दुसरा मार्ग ईबी-१बी, उत्कृष्ट प्राध्यापक व संशोधकांसाठी. त्यात लेबर सर्टिफिकेशन लागत नाही, टेन्युअर-ट्रॅक नोकरी चालते, आणि शिकवण्याचा किंवा संशोधनाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. लेबर सर्टिफिकेशनच्या मार्गाने जाणारे अर्ज सहसा ईबी-२ या वर्गात येतात आणि भारतात जन्मलेल्यांसाठी त्याची रांग फार लांब आहे, म्हणून ईबी-१बी जमत असेल तर त्याकडे आधी बघा. दोन्ही करायला हरकत नाही. आधीच्या मंजूर अर्जाची प्रायॉरिटी डेट (रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) पुढच्या अर्जाला लावता येते.

एच-१बीची मुदतही सहाच वर्षं आहे आणि पोस्टडॉकमध्ये एच-१बीवर काढलेला काळ त्यात धरला जातो, म्हणजे ती टेन्युअरच्या घड्याळाआधी संपू शकते. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी विद्यापीठाने करायचा अर्ज) मंजूर झालं आणि नंबर लागायला वेळ असला, तर तीन-तीन वर्षांनी वाढ मिळत राहते. जोडीदार एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असेल तर त्याला कामाचा परवानाही त्याच मंजुरीवर मागता येतो. विद्यापीठाचा वकील विद्यापीठाचं हित पाहतो, म्हणून एकदा स्वतःच्या खर्चाने स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या. आणि ऑगस्टची वाट न बघता या आठवड्यात आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल पाठवा: माझी निवड अमुक तारखेला झाली, १८ महिन्यांची मुदत अमुक तारखेला संपते, अर्ज कोण आणि कधी सुरू करणार?